हेडबाईंचं वांगं

सकाळी सहाला घंटा व्हायची. देवळाची नाही, शाळेची. आगगाडीच्या रुळाचा हातभर तुकडा आमच्या घरमालकांनी मागच्या आवारात शेवग्याच्या फांदीला टांगला होता, आणि त्यावर ते लोखंडी कांबीनं टोले द्यायचे. आधी एक लांब, मग तीन भराभर. त्या घरातल्या पहिल्याच सकाळी मी अंथरुणातून उठून थेट दाराशी.  मला वाटलं कुठे आग लागली. आमचे हे कूस बदलून म्हणाले, "अगो, झोप. शाळा भरली असेल कुठेतरी."

शाळा खरंच भरली होती. दाराच्या फटीतून बघते तर घरमालक, म्हणजे आबा, हातात वही घेऊन कुंड्यांच्या रांगेपुढून चालले होते.

"कढीपत्ता." थोडं थांबून स्वतःच म्हणाले, "हजर."

"मिरची, एक ते सहा. हजर. पाच नंबर, मान वर कर. कोथिंबीर?" इथे ते बराच वेळ वाकून उभे राहिले. "कोथिंबीर गैरहजर. उंदरानं नेली." मग वही मिटून शेवग्याला सांगितलं, "बाकी बठ्ठा हजर शेतस." बठ्ठा म्हणजे सगळे, हे मला नंतर कळलं.

मी दार हळूच लावून घेतलं आणि ह्यांना म्हटलं, "आपण वेड्याच्या घरी आलोय." ते म्हणाले, "भाडं कमी का आहे ते आता कळलं."

आबा धुळ्यातच, देवपूर भागातल्या एका शाळेत शिपाई होते. सारा जन्म त्यांनी दुसऱ्यांच्या शिकवण्याची घंटा दिली. शाळेत विजेची घंटा आली तेव्हा हा रुळाचा तुकडा अडगळीत पडला, तो त्यांनी मागून घरी आणला. निवृत्त झाल्यावर आवारात शाळा काढली. फुटके माठ, रंगाच्या बादल्या, तेलाचे डबे, ट्रकचं टायर, आणि कुणाचं तरी अर्धं हेल्मेट, त्यात पुदिना. भाज्या या रोजच्या विद्यार्थिनी. मोगऱ्याला ते 'ड्रॉइंगचा तास' म्हणायचे. त्याचं पोटात काही जात नाही, पण शाळेत असावा.

मी वेंगुर्ल्याकडची. आमच्याकडे वाळू, माड आणि मासे. वडील दुसऱ्याच्या होडीवर जायचे. आई आजारी पडली तेव्हा मी आठवी अर्धी टाकून घरी बसले, ती बसलेच. दाखला आणायलासुद्धा परत गेले नाही. हेडसर विचारतील, काय गो, का सोडलीस, आणि मला रडू येईल, या भीतीनं. पुढे लग्न झालं, ह्यांना धुळ्यात तेलगिरणीत फिटरचं काम लागलं, आणि मी समुद्र सोडून अशा गावी आले जिथे नळाला रोज पाणीसुद्धा नसायचं. मला आधीच प्रत्येक गोष्टीची भीती. गॅस बंद केला का, कडी लावली का, घरमालक रागावले का. त्यात हे घंटेवाले.

पहिल्या आठवड्यात त्यांनी विचारलं, "किती शिकली?"

"आठवी. अर्धी." मी खाली बघून.

"मी चौथी पास. म्हणजे तू मला चार यत्ता वरची." ते खूश झाले. "नाव काय म्हणालीस? जाऊ दे. कोकण म्हणतो."

तेव्हापासून मी कोकण. आमचे हे जावईबुवा.

आबांच्या घराचा कायदा एकच होता. चौथी पास झाल्याशिवाय या घरातून काही बाहेर जात नाही. साडी म्हणजे पहिली. तिची गोधडी झाली की दुसरी. गोधडीचं पायपुसणं, तिसरी. आणि पायपुसण्याच्या चिंध्या करून त्यानं मिरची-टोमॅटोची रोपं काठीला बांधायची, ती चौथी. मग मातीत. आवारात जिथे तिथे रोपांच्या गळ्यात चिंध्या दिसायच्या, जशी काही सगळ्यांना सर्दी झालीय. दोडक्याच्या शिरांची चटणी, गराची भाजी, बिया पुढच्या सालाला, आणि जून झालेल्या एका दोडक्याची जाळी भांडी घासायला. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या भाभी, मूळच्या मारवाडातल्या, पण सासरच्या तीन पिढ्या धुळ्यातच गेलेल्या, म्हणायच्या, "आबा गुळाची पुडी नेतात आणि दोरा रीळ करून ठेवतात. मी म्हटलं, आबा, द्या ना मला परत. तर म्हणे, तो अजून दुसरीत आहे."

पाण्याचं तर वेळापत्रकच. आंघोळीचं पाणी पपईला, तांदूळ धुतलेलं मिरचीला. भाजी धुतलेलं मात्र पाळीनं. भिंतीवर खडूनं वार आणि त्यापुढे झाडाचं नाव. नळाला पाणी आलं की पुन्हा घंटा, ही वेगळी, न थांबता घणघण. सगळी गल्ली त्या घंटेवर हंडे-बादल्या घेऊन बाहेर पडायची. नळाजवळ कान लावून बसायचं काम आबांकडे होतं, कुणी दिलेलं नव्हतं.

स्वयंपाकही मला त्यांनीच शिकवला म्हणा ना. म्हणजे खानदेशचा. मला भात आणि आमटी. ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ पहिल्यांदा परातीत घेतलं आणि भाकरी थापली, ती तव्यावर टाकताना एका बाजूनं तुटली. आबा दारातून बघत होते. म्हणाले, "महाराष्ट्र बरोबर काढलास. फक्त कोकण तुटलं."

मी हिरमुसले, तर तोच तुकडा त्यांनी उचलून ठेच्याला लावून खाल्ला. "चव बरोबर शे. नकाशा येईल हळूहळू."

आमचं भांडण व्हायचं ते एकाच गोष्टीवरून, वांग्यावरून. लहानपणापासून मी मासा घेताना आधी कल्ले उघडून बघणार. तीच सवय सगळ्याला. भेंडी मोडून बघणार, शेंग सोलून बघणार, वांगं चिरून बघणार. आत काय असेल काही सांगता येत नाही. आबांच्या दृष्टीनं भरताचं वांगं भाजायच्या आधी चिरणं म्हणजे पाप.

"काय करी राहिनी?" ते ओरडायचे. "सगळा जीव आगीत गळून जाईल त्याचा! अख्खं भाज, अख्खं!"

"आणि आत अळी असली तर, आबा?"

"असली तर तीही भाजंल!"

मग मी त्यांच्याकडे पाठ करून चिरायचे. एकच, लांब चीर. त्यांना दिसायचं. ते ह्यांना म्हणायचे, "जावईबुवा, तुमची बायको पोलिसात पाहिजे होती. वांग्याचीही झडती घेते."

आणि वांगं तसं साधं नव्हतं. फिकट हिरवं, लांबट, वर पांढऱ्या रेघा, हातात घेतलं तर तान्ह्या पोरासारखं जड. त्याला आबा 'हेडबाईंचं वांगं' म्हणत. मी बरेच दिवस समजत होते की शाळेच्या कुणी मुख्याध्यापिका असतील. हेडबाई म्हणजे आबांची बायको. मी आले त्याच्या तीन वर्षं आधी त्या गेल्या. यावलकडच्या. लग्न होऊन आल्या तेव्हा पदराच्या गाठीला माहेरच्या वांग्याचं बी होतं. आवारातली शाळा खरं तर त्यांची. आबा फक्त घंटा द्यायचे. "मी शिपाईच," ते म्हणायचे. "बाई गेल्या, म्हणून वर्गावर उभा राहतो."

थंडीत त्या वांग्याचं भरीत व्हायचं. आवारात तीन विटांची चूल, त्यात कपाशीच्या वाळक्या काड्या. साल काळी पडून सुटली की आतला गर, ठेचलेली मिरची-लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, वरून कडकडीत फोडणी. आमचे हे, ज्यांना मासळीशिवाय घास उतरत नाही, ते बोटं चाटत म्हणायचे, "आबा, बांगडा विसरलो." आबांना बांगडा माहीत नव्हता, पण आपण कुणाला तरी हरवलं एवढं कळायचं.

आता त्या दोन दिवसांचं सांगते.

फाल्गुन सुरू झाला होता. वांग्याचा हंगाम संपला, रोपं उपटून खतात गेली. एकच रोप उभं होतं, तेही वाळलेलं, पानं गळालेली, आणि त्याला एकच मोठं वांगं, पिवळं पडलेलं. देठाला लाल चिंधी. आबांना साक्रीला जायचं होतं, बहिणीकडे नातवाचं बारसं. निघताना त्यांनी घंटेची कांब माझ्या हातात दिली.

"दोन दिवस वर्ग तुझा. हजेरी, पाणी, बठ्ठं. पिकलेलं काही दिसलं तर काढ, वाया जाऊ देऊ नको."

शाळेत असताना मला कुणी कधी मॉनिटर केलं नव्हतं. मी दोन्ही हातांनी कांब घेतली.

मंगळवारी मी सहाला घंटा दिली, हजेरी घेतली. हळू आवाजात, कुणी हसू नये म्हणून. आणि ते पिवळं वांगं बघून मला घोर लागला. हे सडणार. आबा येईपर्यंत हे सडलं तर म्हणतील, एक काम सांगितलं होतं. मी ते तोडलं. रोप वाळलेलंच होतं, तेही उपटलं, मोडून काड्या केल्या, चुलीला झाल्या. चिंधी सोडून धुतली आणि दोरीवर वाळत घातली. चिंधी चांगली होती, अजून एखादं वर्ष गेली असती. वांगं चिरून बघितलं. अळी नव्हती, पण नुसत्या बिया, वाळूसारख्या कडक. दाताखाली येतील म्हणून वरवरच्या थोड्या चमच्यानं खरवडल्या, त्या भाजी धुण्याच्या पातेल्यात पडल्या. ते पाणी, भिंतीवर ज्याची पाळी होती त्याला ओतलं. नियम म्हणजे नियम. मग वांग्याच्या काड्यांवर वांगं भाजलं. झाडालासुद्धा चौथी पास केलं म्हणून मी मनात इतकी खूश होते, काय सांगू.

बुधवारी दुपारी आबा आले. मी ताट वाढलं. कळण्याची भाकरी, अगदी गोल, आणि भरीत.

"भरीत? आता कुठलं वांगं?" म्हणत त्यांनी घास घेतला. दाताखाली बी कडकन वाजलं. ते चावायचे थांबले. मान वर केली आणि त्यांना दोरीवरची लाल चिंधी दिसली.

 ताटातलं सगळं भरीत त्यांनी संपवलं, बोटानं ताट निपटून घेतलं, हात धुतले, ते पाणी पपईला घातलं आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी घंटा झाली नाही.

मी सहाला उठून बसले होते. सात वाजले, आठ वाजले. हजेरी नाही. मी दुकानात जाऊन भाभींना विचारलं, आबांना बरं नाही का? आणि काय काय केलं ते सांगितलं. भाभींनी तराजू खाली ठेवला.

"अगं, ती लाल चिंधी अक्कांच्या, आबांच्या हेडबाईंच्या साडीची. दर साली सगळ्यात चांगल्या वांग्याला बांधायच्या. म्हणजे याला हात लावायचा नाही, हे बियाणं. झाडावरच पिवळं होऊ द्यायचं. त्यांच्या मागे आबा बांधतात." मग हळूच म्हणाल्या, "तू ते खाऊ घातलंस त्यांना?"

मला वाटलं, जमीन फाटावी. "यावलहून नाही का मिळणार बी? त्यांच्या माहेराहून? मी स्वतः जाते बसनं."

"तिकडे आता सगळी केळी गं. वांगं कोण लावतं? आबांकडे होतं तेवढंच."

घरी येऊन मी भांडी पोत्यात भरायला घेतली. हे कामावरून आले, म्हणाले, "हे काय?"

"ते आपल्याला खोली खाली करायला सांगणार."

"वांग्यावरून?"

"ते वांगं नव्हतं हो," मी म्हटलं, आणि तवाही पोत्यात घातला.

संध्याकाळी धीर करून आबांच्या दाराशी गेले. ते ओसरीवर पुडीच्या दोऱ्याचं रीळ गुंडाळत होते. मी नुसती उभी. त्यांनीच म्हटलं, "चूक तुझी नाही. मास्तरनं तो धडा शिकवलाच नाही, मग पोरीला कसा येईल? माझंच चुकलं." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मग म्हणाले, "भाकरी गोल झाली होती."

पण घंटा झाली नाही. आठवडा गेला. पाणी यायचं तेव्हा तेवढी वाजवायचे, गल्लीचं काम म्हणून. झाडांना पाणी मी घालायचे, भिंतीवर बघून. आवारात दुसऱ्या कशाला हात लावायची मला हिंमत नव्हती. गवताची काडीही उपटत नव्हते. कोण कुणाचं बियाणं असेल काय सांगावं?

म्हणून वाचलं. कढीपत्त्याच्या फुटक्या माठात एक दिवस बारीक बारीक दोन पानांचं काहीतरी उगवलेलं दिसलं. सात होती. एरवी तण म्हणून मी चिमटीनं काढून टाकलं असतं. त्या दिवशी धावत जाऊन आबांना बोलावलं.

ते चष्मा लावून माठापुढे उकिडवे बसले. "हे कोण? पटावर नाव नाही यांचं." मग माझ्याकडे वळून, "तू काय टाकलं यात?"

"काही नाही आबा. पाळीप्रमाणे पाणी. मंगळवारचं." आणि बोलता बोलता मला ते पातेलं आठवलं. चीर, चमचा, कडक बिया. "आबा, मी... मी ते वांगं चिरलं होतं."

भिंतीवर खडूनं लिहिलेलं होतं. मंगळवार, कढीपत्ता.

आबांनी चष्मा पुसून परत लावला. मग म्हणाले, "मिरचीही अशीच दिसते लहानपणी. टोमॅटोही. खरं पान येऊ दे. आधी नाचायचं नाही."

ते आठ-दहा दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. चिमणी येऊ नये म्हणून त्या माठावर चाळण पालथी घातली. दिवसातून दहा वेळा चाळण उचलून बघायचे. हे म्हणायचे, "तू बघतेस म्हणून लाजत असतील." मिरचीचं पान गुळगुळीत येतं, टोमॅटोचं कातरलेलं. आबा रोज येऊन बसायचे, मला विचारायचे, "काय म्हणतात?" जशी मी डॉक्टर आणि ते पेशंटचे नातेवाईक. सातातलं एक मेलं. सहा राहिली.

आणि एक दिवस, साडेअकराचा सुमार, मी भाकरी थापत होते, घंटा सुरू झाली. घणघणघण, थांबेना. मी पिठाच्या हातानं धावले. गल्लीतल्या बाया हंडे, बादल्या, टोपली, हाताला लागेल ते घेऊन आवारात घुसल्या. सगळ्यांत पुढे भाभी, दोन हातांत दोन बादल्या.

"आबा, पाणी कुठंय?"

आबा कांब हातात घेऊन उभे. धाप लागली होती. "पाणी नाही," ते म्हणाले. "हेडबाई आल्या."

कुणाला काही कळेना. माठात सहा रोपं, प्रत्येकाला रुंद, जाडसर, बारीक लव असलेलं पान. भाभींनी वाकून बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि बादल्या खाली ठेवून पदर डोळ्याला लावला. मागून एक म्हातारी म्हणाली, "ते बठ्ठं खरं, पन पानी कवय येई?" आणि आम्ही सगळ्या हसलो ते थांबेचना. आबासुद्धा. रुळाचा तुकडा अजून हलत होता.

त्या सहांतलं सगळ्यात चांगलं वांगं पुढच्या हंगामात कोणतं, हे आबांनी मला ठरवायला लावलं. मी तीन दिवस लावले. मग तीच लाल चिंधी मी माझ्या हातानं बांधली.

पुढे ह्यांना वापीला काम मिळालं. आता इथे चौथ्या मजल्यावर राहतो, गॅलरीत सहा बादल्या. हजेरी मी अजून मनात घेते. शेजारीण एकदा म्हणाली, ते पिवळं वांगं खराब झालंय, फेकून देऊ का, तर मी अशी ओरडले की ती अजून जपून बोलते. रविवारी आबांचा फोन येतो. आधी फोन रुळाजवळ धरून एक टोला देतात. मग म्हणतात, "हजर?"

निघायच्या दिवशी मी त्यांच्या पाया पडले तेव्हा त्यांनी हातात एक पुडी ठेवली. कागद जुन्या प्रश्नपत्रिकेचा, वरून पुडीचाच दोरा, तिसरीतला तरी असेल. "गाडीत बघ," म्हणाले, आणि लगेच पपईला पाणी घालायला गेले. पपईला त्या दिवशी पाणी घालून झालेलं होतं.

साक्री मागे पडल्यावर मी पुडी सोडली. आत बी होतं, चिमूटभर. आणि कागदाच्या कोऱ्या बाजूला आबांचं अक्षर, शाळेच्या फळ्यावर वर्षानुवर्षं सूचना लिहून झालेलं, गोल, सुबक. वर मधोमध लिहिलं होतं, शाळा सोडल्याचा दाखला.

नाव : कोकण. यत्ता : चौथी पास. वर्तणूक : चांगली. शाळा सोडण्याचे कारण : जावईबुवांची बदली.

शेरा : भाजण्याआधी वांगं चिरून बघते. ही सवय मोडू नये.